चालकाची चूक

न्हावा शेवा बंदरात मी अकरा वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. एवढ्या वर्षांत जॉब कार्डावर 'चालकाची चूक' हे दोन शब्द किती वेळा लिहिले, याचा हिशोब माझ्याकडे नाही. त्यातलं एक कार्ड मात्र डोक्यातून जात नाही. हा लेख त्या एका कार्डाबद्दल आहे.

बंदर ज्यांनी आतून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. करळ फाट्यावरून उरणच्या दिशेने निघालात की कंटेनरच्या ट्रेलरची रांग लागते. त्या गाड्यांना सहसा हाताचा गिअर आणि पायाखाली क्लच असतो. पण बंदराच्या आत डबा वाहणारी गाडी वेगळी. जहाजावरून क्रेनने डबा उचलला की तो तिच्या ट्रेलरवर ठेवतात आणि ती त्याला यार्डात नेऊन पोचवते. कागदावर तिला आयटीव्ही म्हणतात. बोलताना आम्ही नुसतं 'घोडा' म्हणायचो. अरुंद केबिन, ड्रायव्हरच्या शेजारी शिकाऊ माणसापुरती घडीची सीट आणि खाली ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

ऑटोमॅटिक का, तर क्रेनखालचं काम तसंच आहे. दोन मीटर पुढे, थांब. एक मीटर मागे, थांब. डबा ठेवला, निघ. पाळीभर हेच. हाताचा गिअर असता तर क्लच प्लेट बदलता बदलता वर्कशॉप थकलं असतं आणि ड्रायव्हरचा डावा गुडघाही.

हे बंदर १९८९ साली सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात इथून ७० लाखांहून जास्त टीईयू माल गेला-आला. टीईयू म्हणजे वीस फुटी डब्याचं माप. आकडा मोठा आहे. तो वाचताना क्रेन आणि जहाजं डोळ्यांसमोर येतात. घोडा आणि त्याच्या केबिनमधला माणूस येत नाही.

गोष्ट जुलै २०१९ची. आमच्याकडे एक ड्रायव्हर होता. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठा, उरण तालुक्यातलाच, आगरी समाजातला. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला भाई. त्याचे वडील मिठागरावर काम करायचे. पुढे बंदर आलं, वसाहती आल्या, मिठागरं आणि शेतं गेली. या पट्ट्यात जमिनीचा विषय साधा नाही. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क आला. दादाच्या घरात जमिनीच्या जागी शेवटी उरली ती ठेकेदाराकडची ही ड्रायव्हरची नोकरी. म्हणून ती जपून करायचा. गाडीत बसण्याआधी टायरला हात लावून बघणारा माणूस.

एका सकाळी रात्रपाळी संपवून तो वर्कशॉपमध्ये आला. म्हणाला, "भाई, घोड्याचं डोसकं फिरलंय. दुसऱ्यात जातो, तिसऱ्यात जातो, परत दुसऱ्यात. मी पाय हलवत नाय, तरी. मधीच असा झटका देतो की वरचा डबा हलतो. कधी नुसता आवाज वाढतो, गाडी वढत नाय."

मी गाडी घेतली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची तक्रार आली की आधी तेल बघायचं, हे कोणीही सांगेल. ते थंड गाडीत बघून उपयोग नसतो. गाडी चालवून तेल गरम करायचं, सपाट जागेवर उभी करायची, न्यूट्रलला इंजिन चालू ठेवून पट्टी काढायची. पातळी बरोबर होती. रंग चांगला. जळका वास अजिबात नव्हता. फिल्टर काढला, त्यात धातूचा चुरा नव्हता, क्लच प्लेटचा काळा गाळही नव्हता.

मग स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या संगणकात एक जुना कोड पडलेला होता: ॲक्सिलरेटरचा सिग्नल मर्यादेखाली. मला वाटलं, सापडलं. ऑटोमॅटिक गाडीत गिअर कधी बदलायचा हे संगणक मुख्यतः दोन गोष्टींवरून ठरवतो. गाडीचा वेग किती आणि ड्रायव्हरने पाय किती दाबलाय. पायाची खबर देतो पेडलचा सेन्सर. तोच चुकीची खबर देत असेल, तर गिअर वेड्यासारखे बदलणारच. मी सेन्सर बदलला, कोड पुसला, वर्कशॉपच्या मागच्या रस्त्यावर दोन फेऱ्या मारल्या. गाडी लोण्यासारखी. चार दिवस काही तक्रार आली नाही.

पाचव्या दिवशी दादा परत उभा. "भाई, तेच हाय."

परत गाडी घेतली. परत तेल, परत स्कॅनर, परत फेरी. तोच कोड परत पडला होता, पण गाडी माझ्या हातात शहाण्या बाळासारखी चालली. तिसऱ्यांदाही असंच. विमानांच्या दुरुस्तीच्या जगात याला एक नाव आहे, 'नो फॉल्ट फाउंड'. तक्रार आहे, दोष सापडत नाही. आमच्याकडे असं कार्ड कोरं ठेवता येत नव्हतं. कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावंच लागायचं.

वरचे साहेब म्हणाले, "गिअरबॉक्स उघडायचा तर लाखांचं काम आहे. उघडून काही निघालं नाही तर उत्तर कोण देणार? तो माणूस गाडी उपटत असेल. पुढे जाता जाता रिव्हर्स टाकत असेल. तुम्हाला गाडी चालवताना काही होतं का?"

"नाही."

"मग?"

त्या 'मग'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कार्डावर लिहिलं: 'चालकाची चूक'. खाली सही केली. दोन शब्द लिहायला दोन सेकंद लागले असतील.

त्या कार्डावरून दादाला मेमो मिळाला. त्याला घोड्यावरून काढून लॅशिंगच्या कामाला लावलं, तेही दिवसपाळीला. रात्रपाळीचा भत्ता गेला. मुलगी बारावीला होती, क्लासची फी त्याच भत्त्यातून जायची, हे मला नंतर कळलं. घोड्यावर दुसरा ड्रायव्हर दिला. आठ दिवस गेले, नव्या ड्रायव्हरची एकही तक्रार नाही. साहेबांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं, "बघा, माणूस बदलला आणि गाडी सुधारली." मला हायसं वाटलं. माझी सही बरोबर ठरली होती.

त्याच आठवड्यात पाळी सुटताना गेटवर दादा भेटला. हातात डबा, अंगात भिजलेला रेनकोट. रागावला नव्हता. म्हणाला, "तू लिवलेलं मी वाचलं, भाई. वाईट नाय वाटलं असं नाय. पण एकदा रातच्याला माझ्या बाजूला बसून बघ. मग काय लिवायचं ते लिव."

मी "बघू" म्हणालो. आपण 'बघू' कधी म्हणतो, ते तुम्हालाही माहीत आहे.

रविवारी कळंबोलीला उस्तादांकडे गेलो. आयटीआय करून निघालो तेव्हा ट्रक टर्मिनलजवळच्या त्यांच्या टपरीवजा गॅरेजमध्ये मी ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम शिकलो. आता ते थकलेत, डोळ्याला कमी दिसतं, पण सवयीने दुपारी दुकानात येऊन बसतात. चहा पिता पिता मी त्यांना सगळी हकीकत सांगितली, खरं तर माझी बाजू पटवून द्यायलाच. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "कब होता है?"

"काय कधी होतं?"

"झटका. दिन में, रात में? बारिश में, सूखे में? उस वक्त गाडी में क्या क्या चालू रहता है?"

मला सांगता येईना.

"नया ड्राइवर किस पाली में है?"

"दिवसपाळीला."

"और वो पहलेवाला?"

"रात्रपाळीला होता."

उस्ताद थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडी का बयान तूने तीन बार लिया. आदमी का एक बार भी नहीं लिया. और फैसला लिख दिया."

परतीच्या बसमध्ये मला एकेक गोष्ट दिसायला लागली. तेल जळालेलं नव्हतं, फिल्टर स्वच्छ होता. कोणी गाडी उपटत असेल तर त्याच्या खुणा तिथेच राहतात. प्लेटा घासतात, तेलाला वास येतो, गाळ जमतो. त्या गाडीचा संगणक चालत्या गाडीत रिव्हर्स घेऊच देत नव्हता, वेग उतरेपर्यंत थांबवायचा. म्हणजे दादाच्या बाजूचा पुरावा माझ्याच हातात होता, मीच काढला होता. पण मी त्याच्याकडे 'दोष सापडत नाही' एवढ्याच नजरेने पाहिलं. आणि माणूस बदलला, गाडी सुधारली, या हिशोबात माणसाबरोबर वेळही बदलली होती, ती मी धरलीच नव्हती.

सोमवारी साहेबांकडून एक रात्र मागून घेतली. ते म्हणाले, "तुमची हौस." दादाला एका पाळीपुरतं परत घोड्यावर बसवलं. मी शेजारच्या घडीच्या सीटवर, मांडीवर मीटर.

रात्री दीडच्या सुमारास पाऊस लागला. वाऱ्यासरशी समुद्राचा खारा तुषार काचेवर येऊन बसत होता. दादाने हेडलाइट लावले होते, केबिनच्या मागचे दोन दिवे चालू होते, काचेवर वाफ धरू नये म्हणून ब्लोअर चालू होता. आता त्याने वायपर थांबत थांबत फिरण्याच्या बटणावर टाकला. शंभर-दीडशे मीटर गेलो असू. गाडीने झटका दिला. थोड्या वेळाने आणखी एक.

"बघ," दादा म्हणाला. "वायपर फिरला का झटका. मी पयल्या दिवशी सांगितलेलं तुमच्या टेबलावर. तो पोरगा हसला."

मी वायपरकडे पाहत राहिलो. काचेवरून पट्टी सरकली, इंजिनाचा आवाज चढला. पट्टी बसली, गाडी खाली ओढली गेली. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा. वायपर आणि गिअरबॉक्स यांचा एकमेकांशी काय संबंध? कार्ड भरताना मीही हसलोच असतो.

संबंध कुठे असू शकतो, तर एकाच जागी. दोघांची वीज परत जाण्याचा रस्ता एक असेल तर.

गाडी वर्कशॉपच्या शेडखाली घेतली, इंजिन चालूच ठेवलं. गाडीच्या विजेला दोन वाटा लागतात. बॅटरीच्या धन टोकाकडून वायरने दिव्यापर्यंत जायची एक आणि दिव्याकडून चासीमार्गे ऋण टोकाला परतायची दुसरी. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. घोड्याची केबिन रबरावर बसलेली असते आणि दुरुस्तीसाठी ती पुढे कलते, त्यामुळे केबिनचा अर्थ चासीला आपोआप मिळत नाही. त्यासाठी एक जाड पट्टी केबिनमागच्या बोल्टावर आणून कसलेली असते. आमच्या त्या गाडीत गिअरबॉक्सच्या संगणकाचा अर्थही त्याच बोल्टावर होता.

मी मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी त्या बोल्टावरच्या पट्टीला. दोन्ही ठिकाणी अर्थच आहे, म्हणजे मध्ये काही दिसायलाच नको. फार तर ०.१ व्होल्ट. सगळे दिवे बंद असताना मीटरवर ०.०४ होते. दादाला म्हणालो, हेडलाइट लाव. ०.४. मागचे दिवे लाव. ०.७. ब्लोअर लाव. ०.९. वायपर लाव. पट्टी हलली की आकडा उडी मारून १.३ वर जायचा आणि परत खाली यायचा.

आता याचा अर्थ बघा. पेडलचा सेन्सर शून्य ते पाच व्होल्टच्या भाषेत बोलतो. त्याचा स्वतःचा अर्थ इंजिनाच्या वायरिंगमधून थेट बॅटरीवर होता. गिअरबॉक्सचा संगणक मात्र त्या बोल्टावर उभा राहून मोजत होता, आणि तो बोल्टच सव्वा व्होल्ट वर उचलला जात होता. ज्याच्या पायाखालची जमीन वर जाते त्याला समोरचा माणूस बुटका दिसतो, तसं. पाचातला सव्वा म्हणजे पाव हिस्सा. दादाचा पाय जागच्या जागी असताना संगणकाला वाटायचं, ड्रायव्हरने पाव पाय उचलला. तो गिअर वर टाकायचा. पाय हलका आहे असं समजून क्लचला दाबही कमी द्यायचा, म्हणून नुसता आवाज वाढायचा. वायपर थांबला की पाय परत जड दिसायचा, मग गिअर खाली, झटका. दिवे लावून पाय खरोखरच पूर्ण सोडला की सिग्नल मर्यादेच्या खाली जायचा, तो कोड तिथून आला होता. सेन्सर बदलल्यावर चार दिवस गाडी चांगली चालली, कारण ते चार दिवस पावसाने उघडीप दिली होती.

दिवसा, दिवे-वायपर बंद ठेवून मी मारलेल्या फेऱ्यांत हे कधीच दिसलं नसतं. आणि एरवी आम्ही अर्थ तपासतो तो मीटरच्या शिट्टीवर. दोन टोकांना सळया लावायच्या, शिट्टी वाजली की अर्थ चांगला. पण ती शिट्टी वाजवायला नावापुरती वीज लागते. वायरचा एक धागा शाबूत असला तरी शिट्टी वाजते. ओझं टाकल्याशिवाय अर्थाची परीक्षा होत नाही.

मग बोल्ट खोलला. बॅटरीच्या उजेडात आधी दिसला तो हिरवा रंग. आपल्याकडे पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली की त्यात ताक कळकतं, तोच तो तांब्याचा हिरवा. तांबं, लोखंड आणि मध्ये खारं पाणी, एवढं एकत्र आलं की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि ती धातूच खात बसते. माझे नाना पनवेलच्या बाजारात कल्हईचं काम करायचे. बोटीवर वापरायच्या चांगल्या वायरीत तांब्याच्या प्रत्येक धाग्याला कथिलाचा मुलामा असतो. म्हणजे कल्हईच. नानांचा धंदा बुडाला असं आम्ही समजत होतो, तो वायरीत जाऊन बसलाय.

दादा वाकून बघत होता. म्हणाला, "मिठागरावर खिळा ठोकला तर दोन पावसाळे टिकायचा नाय. बाबा सगळं लाकडात बसवायचे."

पट्टी आणि चासी यांच्या मध्ये आणखी एक लग दाबून बसवलेला होता, साधा, मुलाम्याशिवायचा. खालचा रंगही खरवडलेला नव्हता. त्याची काळी वायर केबिनमागच्या दोन दिव्यांकडे जात होती. हे दिवे मूळ गाडीचे नव्हते. रात्री मागचं नीट दिसावं म्हणून जानेवारीत सगळ्या घोड्यांना बसवले होते. लगची दाबण्याची पद्धत मी ओळखली. दोन दाब, मध्ये थोडी जागा. ती माझी सवय आहे.

ते काम मी केलं होतं. शेवटच्या दिवशी गाड्या संपवायची घाई होती. वेगळा बोल्ट पाडायच्या ऐवजी आयता होता त्यात सारला. सहा महिने आणि अर्धा पावसाळा, एवढ्यात त्याने आपलं काम केलं.

मी थोडा वेळ तसाच उकिडवा बसून राहिलो. मग दादाला सांगितलं, "हे दिवे मीच बसवलेत." तो काही बोलला नाही. थर्मासमधला चहा झाकणात ओतून माझ्यापुढे केला.

दुरुस्ती तासाभराची निघाली. बोल्टाखालची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. मुलामा दिलेले लग, दातेरी वॉशर. दिव्यांचा अर्थ वेगळ्या बोल्टावर नेला. गिअरबॉक्सच्या संगणकाला थेट बॅटरीच्या ऋण टोकापासून स्वतःची वायर दिली. सगळ्यावर ग्रीस थापलं. सगळे दिवे, ब्लोअर, वायपर चालू ठेवून मीटर लावला: ०.०५. पहाटेपर्यंत दादाने भर पावसात फेऱ्या मारल्या. एक झटका नाही. पुढच्या आठवड्यात मी दिवे बसवलेल्या बाकीच्या गाड्या उघडल्या. आणखी काही बोल्ट हिरवे व्हायला लागले होते.

आता मुद्द्याचं. मी त्या माणसावर ठपका ठेवला, कारण त्याला काही खर्च नव्हता. गिअरबॉक्स उघडायला लाखांचा खर्च, वायरिंग तपासायला रात्र जागावी लागणार, माणसाचं नाव लिहायला पेनाची शाई पुरते. आणि यंत्राच्या पडद्यावर काही दिसत नसेल तर माणूसच खोटा, ही समजूत आम्हा मेकॅनिकांच्याच डोक्यात असते असं नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्याचं होरायझन प्रकरण वाचून बघा. १९९९ पासून तिथे नवी संगणक प्रणाली आली, तिच्या हिशोबात तूट दिसायला लागली आणि पोस्ट चालवणाऱ्या साध्या माणसांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले भरले गेले. नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले. दोष प्रणालीत होता. त्यांची नावं एकदम साफ करायला २०२४मध्ये संसदेला कायदा करावा लागला. ती माणसंही पहिल्या दिवसापासून सांगतच होती, की हिशोब चुकतोय.

संशय म्हणजे काय हे मला कळत नव्हतं असंही नाही. नवी मुंबईत भाड्याची खोली शोधताना फोनवर भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं, तारीख ठरायची. मग नाव विचारलं जायचं आणि खोली 'आत्ताच गेली' व्हायची. न तपासता निकाल लावला की कसं वाटतं, ते मी भोगलंय. आपल्या घरांत लहानपणापासून शिकवतात, बदगुमानी करू नये, पुराव्याशिवाय कोणाबद्दल वाईट धरू नये. मला ते पाठ होतं. कार्ड भरताना आठवलं नाही. कारण त्या वेळी पेन माझ्या हातात होतं.

आता बऱ्याच घरांत ऑटोमॅटिक गाड्या आल्यात, म्हणून कामाचंही सांगून ठेवतो. गिअर विचित्र बदलायला लागले तर गिअरबॉक्स उघडायची घाई करू नका. आधी वही घ्या आणि लिहा: कधी होतं, गाडी गरम असताना की थंड, पावसात की कोरड्यात, त्या वेळी दिवे, एसी, वायपर काय चालू असतं. मग तेल, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने. मग बॅटरी आणि तिची टोकं. मग अर्थ, ओझं टाकून. मग कनेक्टर आणि सेन्सर. गिअरबॉक्सची पाळी सगळ्यात शेवटी. कोड निघाला तर तो निकाल समजू नका, ती संगणकाने नोंदवलेली तक्रार असते. त्याला जे दिसलं ते तो सांगतो. का दिसलं, ते आपण शोधायचं.

साहेबांनी मेमो मागे घेतला. दादा रात्रपाळीला, त्याच घोड्यावर परत गेला. बुडालेला भत्ता काही परत मिळाला नाही. तशी पद्धत नाही म्हणाले. मी माझ्या परीने एक केलं. तक्रारीच्या कागदावर दोन ओळी वाढवून घेतल्या: 'हे कधी होतं?' आणि 'तेव्हा काय चालू असतं?' उत्तर ड्रायव्हरने स्वतःच्या शब्दांत लिहायचं, टेबलावरच्या पोराने नाही.

राहता राहिलं ते जुनं कार्ड. दादा एकदा म्हणाला, "ते दोन शब्द तेवढे खोड ना, भाई." नोंदवहीतलं खोडता येत नाही, नियम आहे. मग मी ते कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं आणि 'चालकाची चूक'च्या खाली लिहिलं: 'वरील कारण चुकीचे. अर्थचा बोल्ट गंजलेला. मागील दिवे बसवताना वर्कशॉपकडून सदोष जोडणी.' वर्कशॉप लिहिलं, मग ते कंसात घेऊन पुढे माझं नाव लिहिलं. तारीख टाकली, सही केली. दादाने कार्ड दोनदा वाचलं, घडी न पाडता परत दिलं आणि पाळीला गेला.